पोर्तुगालमध्ये पीएचडी करायची आहे? आधी तिथले प्रबंध वाचा, मग अर्ज करा

पोर्तुगालमध्ये संशोधनासाठी जायचं ठरवलं की बहुतेक जण आधी विद्यापीठांची क्रमवारी उघडतात. वरची दोन-तीन नावं उचलतात आणि तिथल्या वीस-पंचवीस प्राध्यापकांना एकच मजकूर ई-मेलने धाडतात. उत्तर येत नाही. मग 'तिकडे आपल्याला कोणी विचारत नाही' असं मनाशी पक्कं होतं. प्रत्यक्षात अडचण वेगळीच असते. पोर्तुगालमधलं संशोधन विद्यापीठाच्या पाटीवरून कळत नाही. ते चालतं संशोधन केंद्रांमध्ये, आणि कोणत्या केंद्रात काय चालतं ते सगळ्यात नीट कळतं तिथून बाहेर पडलेल्या प्रबंधांवरून. हे प्रबंध घरबसल्या, फुकट वाचता येतात.

मी वसई आणि चौलच्या पोर्तुगीज कागदपत्रांवर काम करायला लिस्बनला गेले. माझ्या ओळखीतले मराठी विद्यार्थी सागरी जीवशास्त्रात होते, कापड अभियांत्रिकीत होते, एक वास्तुकलेत होता. विषय कोणताही असो, वाट साधारण एकच आहे. तीच इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी तिथली रचना समजून घ्या

पोर्तुगालमध्ये उच्च शिक्षणाचे दोन प्रवाह आहेत: विद्यापीठं आणि पॉलिटेक्निक. आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटलं की दहावीनंतरचा डिप्लोमा डोळ्यांसमोर येतो. तिथे तसं नाही. पॉलिटेक्निकमध्ये पदवी आणि मास्टर्स दोन्ही होतात, आणि २०२३च्या कायद्याने अटी पूर्ण करणाऱ्या पॉलिटेक्निकना पीएचडी देण्याची वाटही मोकळी झाली. ब्रागान्सासारख्या डोंगराळ भागातल्या पॉलिटेक्निकमध्ये शेती आणि अन्नप्रक्रियेवर भक्कम काम चालतं. तेव्हा नाव बघून ते यादीतून काढू नका.

पदव्या तीन टप्प्यांत: लिसेन्सियातुरा साधारण तीन वर्षांची, मेस्त्रादू साधारण दोन वर्षांची, आणि दोतोरामेंतू, म्हणजे पीएचडी, तीन ते चार वर्षांची. गुण वीसपैकी देतात, दहाला पास. सोळा-सतरा ऐकून नाक मुरडू नका, ते उत्तम गुण आहेत.

एक सापळा इथेच आहे. तिथे 'पोस-ग्रादुआसांव' नावाचे अभ्यासक्रम असतात. आपल्या 'पोस्ट ग्रॅज्युएट'सारखं वाटतं म्हणून लोक प्रवेश घेतात, पण ती पदवी नसते, प्रमाणपत्र असतं. अभ्यासक्रमाला ए-थ्री-ईएस या मान्यता संस्थेची मान्यता आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय एक युरोही भरू नका.

आता मुख्य गोष्ट. संशोधनाला पैसा देणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे 'फुंदासांव पारा आ सिएन्सिया ई आ तेक्नोलोजिया', सगळे एफसीटी म्हणतात. ही १९९७ साली सुरू झाली. २०२५ मध्ये सरकारने तिचं दुसऱ्या एका संस्थेशी विलीनीकरण करून नवी यंत्रणा उभारायचं जाहीर केलं, त्यामुळे अर्ज करताना संस्थेचं चालू नाव बघून घ्या. एफसीटी 'संशोधन एकक' नावाच्या केंद्रांचं ठरावीक काळाने मूल्यमापन करते, त्यांना 'उत्कृष्ट', 'अतिशय चांगलं', 'चांगलं' असे दर्जे देते आणि त्यानुसार पैसे देते. एक केंद्र अनेकदा दोन-तीन विद्यापीठांत पसरलेलं असतं. उदाहरण द्यायचं तर 'इनेत-एमडी' हे संगीत आणि नृत्याचं केंद्र लिस्बनलाही आहे आणि आव्हेइरूलाही. गोव्याच्या संगीतावरचं कामही तिथे झालेलं आहे. म्हणून 'कोणतं विद्यापीठ' या प्रश्नाआधी 'कोणतं केंद्र' हा प्रश्न विचारा.

२. कुठे काय पिकतं ते बघा

पोर्तुगाल लहान देश आहे, लोकसंख्या सुमारे एक कोटी. पण विषयांची विविधता थक्क करणारी आहे, आणि तिचा त्या त्या जागेशी घट्ट संबंध आहे. हे लक्षात आलं की शोध फार सोपा होतो.

उत्तरेला व्हिला रेआलच्या विद्यापीठात द्राक्षं आणि वाइन हा मोठा विषय आहे, कारण दोरू नदीचं खोरं तिथेच आहे आणि त्या वाइन प्रदेशाची सीमा १७५६ साली सरकारने आखून दिली होती. नाशिककडच्या द्राक्षसंशोधनात काम केलेल्या कोणालाही हे ठिकाण माहीत असायला हवं. कोव्हिल्यां हे डोंगरातलं जुनं लोकरीचं गाव. तिथलं बेइरा इंतेरिओर विद्यापीठ अठराव्या शतकातल्या शाही कापड कारखान्याच्या इमारतीत सुरू झालं, आजही तिथे कापडावर संशोधन होतं, आणि त्याच विद्यापीठात विमान अभियांत्रिकीही आहे. कापडासाठी दुसरं नाव मिन्यो विद्यापीठाच्या गिमाराइन्श इथल्या आवाराचं. इचलकरंजी-सोलापूरच्या मुलांनी ही दोन्ही बघावीत. ब्रागा शहरात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी मिळून उभारलेली आंतरराष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान प्रयोगशाळा आहे.

पोर्तूमध्ये आरोग्य संशोधनाचं मोठं केंद्र आय-थ्री-एस आहे, आणि शेजारच्या मातोझिन्योश बंदरात क्रूझ टर्मिनलच्या इमारतीत सागरी संशोधनाचं 'सिइमार'. पोर्तूची वास्तुकला शाळा जगभर ओळखली जाते. प्रित्झ्कर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळालेले आल्व्हारू सिझा आणि एदुआर्दू सौतू द मौरा हे दोघे तिथलेच.

आव्हेइरू, मिन्यो आणि लिस्बनचं नोव्हा ही तिन्ही विद्यापीठं १९७३ सालची. आव्हेइरू पदार्थविज्ञान (मटेरियल्स सायन्स) आणि दूरसंचारासाठी प्रसिद्ध. नोव्हाच्या कापारिका इथल्या आवारात २००८ साली कागदावर ट्रान्झिस्टर बनवून दाखवला गेला. नोव्हाचीच उष्णकटिबंधीय वैद्यक संस्था १९०२ पासून आहे. मलेरिया, क्षयरोग अशा विषयांत भारतातून जाणाऱ्यांनी तिच्याकडे आधी बघावं.

दक्षिणेला एव्होराच्या आसपास बुचाच्या ओक झाडांची कुरणं आहेत. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. त्यामुळे एव्होरा विद्यापीठात भूमध्य हवामानातली शेती, माती, पाणी यांवर काम आहे. तिथेच 'हेर्क्युलेस' ही वारसा प्रयोगशाळा आहे, जिथे जुनी चित्रं, फरशा, गिलावा यांचं रासायनिक विश्लेषण होतं. अल्गार्व्हमध्ये समुद्रशास्त्र. अझोर्स बेटांवर ज्वालामुखी आणि खोल समुद्र, आणि त्याला कारणही तसंच: फायाल बेटाजवळ कापेलिन्योशचा उद्रेक १९५७-५८ साली झाला, त्याची राख आजही तिथे बघायला मिळते.

कोइंब्रा विद्यापीठ १२९० साली स्थापन झालं आणि १५३७ पासून कायमचं त्या गावात आहे. कायदा, तत्त्वज्ञान, औषधशास्त्र आहेच. १९७८ पासूनचं त्याचं सामाजिक अभ्यास केंद्रही मोठं आहे.

इतिहासवाल्यांसाठी लिस्बनला पर्याय नाही. पोर्तुगीज सत्तेची उत्तर कोकणातली राजधानी वसई; १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंतचे तिचे कागद लिस्बनच्या तोर्रे दू तोंबू या राष्ट्रीय पुराभिलेखागारात आणि सागरपार इतिहास पुराभिलेखागार इथे आहेत, आणि मोठा भाग पणजीच्या पुराभिलेखागारात. राजा आणि व्हाइसरॉय यांच्यातला पत्रव्यवहार, ज्याला 'लिव्ह्रुश दाश मोन्सोएश' म्हणजे मोसमाच्या वह्या म्हणतात, तो दोन्हीकडे वाटला गेलेला आहे. म्हणून एकट्या लिस्बनचा आराखडा केला तर अर्ध्या वह्या हातच्या जातील. मराठे-पोर्तुगीज संबंधांवर ज्यांनी पाया घातला ते पांडुरंग पिसुर्लेंकर पणजीतच अभिलेखपाल होते. त्यांचं काम वाचल्याशिवाय या विषयाचा आराखडा लिहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. प्रबंध शोधा

पोर्तुगालमधल्या जवळपास सगळ्या विद्यापीठांची प्रबंधकोठारं, म्हणजे प्रबंधांचे ऑनलाइन साठे, एका राष्ट्रीय पोर्टलवर जोडलेली आहेत. त्याचं नाव आर-सी-ए-ए-पी. २०१३ पासून पीएचडीचा प्रबंध अशा कोठारात जमा करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांचं काम तिथे चांगलं सापडतं. मिन्योचं कोठार सगळ्यात आधीचं, २००३ पासून. कोइंब्राच्या कोठाराला 'एस्तुदू जेराल' म्हणतात.

शोधताना हे करा:

शब्द पोर्तुगीजमध्ये टाका. इंग्रजी शब्द टाकून विज्ञानातलं बरंच मिळतं, कारण तिकडे प्रबंध इंग्रजीतही लिहितात. पण कायदा, इतिहास, शिक्षणशास्त्र, साहित्य यांतलं निम्म्याहून जास्त हातातून निसटतं.

दोन्ही शुद्धलेखनं वापरा. १९९०च्या लेखनकराराप्रमाणे पोर्तुगालमध्ये २००९ नंतर हळूहळू लेखन बदललं. जुन्या लेखनात 'आर्किटेतुरा', 'दिरेसांव' अशा शब्दांत 'टी'च्या किंवा 'सी'च्या आधी न उच्चारला जाणारा एक 'सी' असे, नव्यात तो गेला. २००५चा प्रबंध नव्या लेखनाने शोधाल तर तो दिसणारच नाही.

आपली गावं त्यांच्या नावांनी शोधा. वसई म्हणजे 'बासाईं', दमण म्हणजे 'दामांव', ठाणे म्हणजे 'ताना'. सावंतवाडीकर भोसल्यांना जुन्या कागदांत 'बोन्सुलो' म्हणतात, हे माहीत नसेल तर दक्षिण कोकणावरचं अख्खं साहित्य डोळ्यांसमोरून निघून जातं. आणि 'साल्सेत' दोन आहेत: एक गोव्यातला तालुका, दुसरं ठाणे-वांद्र्याचं साष्टी बेट. कोणता प्रबंध कुठल्या साल्सेतबद्दल आहे ते सारांश वाचूनच ठरवा.

गाळणी लावताना 'दोतोरामेंतू' आणि 'मेस्त्रादू' दोन्ही निवडा. पोर्तुगालमधले मास्टर्सचे प्रबंध अनेकदा दीडशे-दोनशे पानांचे असतात. चालू विषय तिथे आधी दिसतात, कारण पीएचडीच्या प्रबंधाला वर्षं लागतात.

काही प्रबंधांवर ठरावीक काळ कुलूप असतं, पेटंट किंवा प्रकाशनामुळे. मग लेखकाला लिहा. माझा अनुभव असा की बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात.

४. प्रबंधाची पहिली पंधरा पानं नीट वाचा

इथे घाई करू नका. अर्ज करणाऱ्याला लागणारी बहुतेक सगळी माहिती या पानांत असते.

पहिल्या पानावर 'ओरिएन्तादोर' म्हणजे मार्गदर्शक, आणि अनेकदा सहमार्गदर्शकाचं नाव असतं. सहमार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठाचा असेल तर समजा की दोन केंद्रं एकत्र काम करतात.

अनेक प्रबंधांत पुढच्याच पानावर परीक्षक मंडळाची यादी असते, तिला 'जूरी' म्हणतात. पोर्तुगालमध्ये पीएचडीची परीक्षा जाहीर असते आणि मंडळात बाहेरच्या विद्यापीठांचे तज्ज्ञ बसतात. त्यामुळे एका यादीत तुमच्या विषयातली चार-पाच नावं एकदम मिळतात. तीन प्रबंधांच्या याद्या शेजारी ठेवा. जे नाव पुन्हा पुन्हा येतं, तो माणूस त्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

मग आभाराचं पान. तिथे बहुधा एफसीटीच्या शिष्यवृत्तीचा क्रमांक दिसतो. जुन्या प्रबंधांत तो 'एसएफआरएच', तिरकी रेघ, 'बीडी', मग आकडे आणि वर्ष असा असतो. म्हणजे या केंद्रातून, या मार्गदर्शकाखाली शिष्यवृत्ती मिळालेली आहे. प्रयोगशाळेचे सहकारी, क्षेत्रकार्याचा खर्च कोणी उचलला, कोणत्या प्रकल्पातून उपकरणं आली, हेही तिथेच सापडतं. मग 'रेझूमू' म्हणजे सारांश आणि कळीचे शब्द. ते शब्द वहीत उतरवा आणि पुढच्या शोधात वापरा.

५. मार्गदर्शकाला लिहा

एकाच वेळी तीन जणांपेक्षा जास्त लोकांना लिहू नका, आणि प्रत्येकाला वेगळं लिहा. सुरुवातीला 'प्रोफेसोर दोतोर' किंवा स्त्री असेल तर 'प्रोफेसोरा दोतोरा' असं पूर्ण संबोधन ठेवा, तिकडे पदाचा मान ठेवतात. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या मार्गदर्शनाखालच्या कोणत्या प्रबंधाने तुमचा प्रश्न पुढे नेला, ते दोन वाक्यांत. दुसऱ्यात तुमचा प्रश्न. तिसऱ्यात तुमची तयारी: पदवी, भाषा, तंत्रं. सोबत दोन पानांचा आराखडा आणि एक पानाचा परिचय. बस्स.

ऑगस्टमध्ये लिहू नका. अख्खा देश सुट्टीवर असतो आणि तुमचं पत्र ढिगाखाली जातं. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर हा काळ चांगला. दोन-तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्र आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

'तुमच्या हाताखाली कोणताही विषय चालेल' असं लिहिणं म्हणजे अर्ज स्वतःच्या हाताने नाकारणं. आपल्याकडे ते विनम्र वाटतं, तिथे ते तयारी नसल्याचं लक्षण समजलं जातं.

६. पैशाची सोय

पीएचडीची वार्षिक फी बऱ्याच ठिकाणी २,७५० युरोच्या आसपास आहे, पण विद्यापीठानुसार फरक पडतो, तपासून घ्या. खर्च भागवायचे मुख्य मार्ग असे:

एफसीटीची वार्षिक पीएचडी शिष्यवृत्ती. कमाल चार वर्षं. परदेशी नागरिकही अर्ज करू शकतात. तीन गोष्टींना गुण मिळतात: उमेदवार, संशोधन आराखडा, आणि केंद्र व मार्गदर्शक. म्हणजे चांगलं केंद्र निवडलं तर तिथेही गुण मिळतात. अर्ज कोणत्या विषय-समितीकडे पाठवायचा ते तुम्ही निवडता, आणि इथे खूप जण घसरतात. पर्यावरणाच्या इतिहासाचा आराखडा पर्यावरणशास्त्राच्या समितीकडे गेला तर तिला प्रयोग दिसत नाहीत म्हणून गुण कापले जातात. आधीच्या वर्षांचे मंजूर आराखडे आणि समित्यांची नावं बघून ठरवा.

संशोधन केंद्रांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या. यात स्पर्धा तुलनेने कमी असते, पण जाहिरात केंद्राच्या संकेतस्थळावर थोड्याच दिवसांसाठी लागते.

प्रकल्पातली नोकरीवजा शिष्यवृत्ती. युरॅक्सेस या युरोपीय पोर्टलवर पोर्तुगाल निवडून रोज बघा. आधी एक वर्ष प्रकल्पात काम करून मग पीएचडीला लागलेले कित्येक जण आहेत, आणि विज्ञान शाखांसाठी मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

शिष्यवृत्तीवर असताना पूर्ण वेळ संशोधनालाच द्यायची अट असते. संध्याकाळी हॉटेलात काम करून पैसे साठवू, असा हिशेब मांडू नका.

७. कागदपत्रं

हे काम उशिरा सुरू केलं तर बाकी सगळं अडतं. आपल्या विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळायलाच कित्येक आठवडे लागतात, म्हणून पहिला अर्ज तिथे टाका. यादी अशी:

– पदवी आणि मास्टर्सची प्रमाणपत्रं, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, ट्रान्स्क्रिप्ट
– या कागदांवर ॲपोस्टिल, म्हणजे ते परदेशात खरे मानले जावेत म्हणून मिळणारा सरकारी शिक्का. भारत आणि पोर्तुगाल दोघंही त्यासाठीच्या हेग करारात आहेत. महाराष्ट्रातल्या पदव्यांना आधी राज्य पातळीवरची तपासणी लागते का ते विचारून घ्या
– पासपोर्ट, मुदत मुबलक शिल्लक असलेला
– संशोधन आराखडा, हेतुपत्र, दोन शिफारसपत्रं
– मार्गदर्शकाचं आणि केंद्राचं स्वीकृतिपत्र
– 'सिएन्सिया व्हिटे' या पोर्तुगीज पोर्टलवर भरलेला परिचय, आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक
– पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पोलीस ना-हरकत प्रमाणपत्र

परदेशी पदवीची मान्यता हा वेगळा विषय. २०१८च्या कायद्याने तीन प्रकार केले: आपोआप मान्यता, पातळीची मान्यता आणि विशिष्ट मान्यता. विद्यापीठात प्रवेश घेताना अनेकदा तिथली शास्त्रीय समिती तुमची पदवी पुरेशी मानते, पण ते फक्त प्रवेशापुरतं. एफसीटीच्या करारासाठी औपचारिक मान्यता आणि गुणांचं वीसच्या मापात रूपांतर मागतात. प्रवेशपत्र हातात आहे म्हणजे मान्यता झाली, असं समजू नका. त्या वर्षीची मार्गदर्शिका शेवटच्या पानापर्यंत वाचा.

८. व्हिसा आणि पहिले आठवडे

शिक्षण व संशोधनासाठी निवासी व्हिसा लागतो. भारतात अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत जातात. पोर्तुगालचा दूतावास दिल्लीत आणि महावाणिज्यदूतावास पणजीत आहे, तुमच्या पत्त्याला कोणतं कार्यालय लागू ते आधी बघा. राहण्याची जागा, पैशाचा पुरावा आणि विमा यांचे कागद तारखांसह जुळले पाहिजेत.

हा व्हिसा साधारण चार महिन्यांचा असतो. तिथे पोचल्यावर 'ऐमा' या स्थलांतर संस्थेकडून निवास परवाना घ्यायचा असतो. ही संस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये जुन्या 'सेफ'च्या जागी आली, त्यामुळे इंटरनेटवरचे 'सेफ'बद्दलचे जुने लेख वाचून गोंधळू नका. भेटीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. 'निफ' म्हणजे करदाता क्रमांक लगेच काढा. त्याशिवाय बँक खातं, घरभाडं, शिष्यवृत्ती, काहीही हलत नाही.

भाषेची तयारी निघण्याआधीच करा. गोव्यात पणजीला कामोंइश संस्थेच्या आणि फुंदासांव ओरिएंतच्या मदतीने पोर्तुगीज शिकता येतं, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभागही आहे. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं. पुराभिलेखागारात, कचेरीत आणि घरमालकिणीसमोर भागत नाही.

प्रवेश पक्का झाला की तुमच्या प्रबंधाचा विषय 'रेनातेस' या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवला जातो. नोंदणीआधी शीर्षक मार्गदर्शकाबरोबर बसून शब्दाशब्दाने ठरवा, कळीचे शब्द पोर्तुगीज आणि इंग्रजी दोन्हींत द्या, आणि तुमच्या भागाचं नाव जुन्या आणि आजच्या दोन्ही रूपांत घाला: 'बासाईं'बरोबर 'वसई'ही. म्हणजे पुढच्या वर्षी पालघरहून कोणी शोधायला बसलं तर त्याला तुमचं काम सापडेल.